किडा खरा निघाला, कोंबडी सुटली

'द बे' हा हॉरर सिनेमा संपला की बघणारा माणूस सगळ्यात आधी फोन काढतो आणि तो किडा खरा आहे का ते शोधतो. मी हा सिनेमा ज्यांच्या ज्यांच्याबरोबर पाहिला, त्यांच्यात याला अपवाद नाही. मागच्या हॅलोविनला तर आमच्या बेसमेंटमध्ये पडद्यावर नावं सरकायला लागायच्या आत तीन फोन उजळले होते.

"अगं, खरंच असतो हा!" नागपूरच्या वहिनी ओरडल्या. "माशाची जीभ खातो आणि मग स्वतःच जीभ होऊन बसतो म्हणे. शी!"

माझ्या नवऱ्याने पुढचं वाचून दाखवलं. पॅसिफिकच्या बाजूला सापडतो, कॅलिफोर्नियाच्या आखातापासून खाली इक्वेडोरपर्यंत. माणसाला काही करत नाही. झालं! सगळ्यांनी हुश्श केलं आणि मंडळी वर पावभाजीकडे वळली.

मी मात्र तिथंच अडकले. जवळजवळ दीड तास हा सिनेमा आपल्यापुढे एकामागून एक दावे टाकत होता. खाडीबद्दल, कोंबड्यांबद्दल, पिण्याच्या पाण्याबद्दल, सरकारी खात्यांबद्दल. त्यातला सगळ्यात अचाट दावा आम्ही तपासायला घेतला, तो निम्मा खरा निघाला, निम्मा खोटा, आणि तेवढ्यावर समाधान मानून बाकीच्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. या सिनेमावर लोक जे काही बोलतात, चांगलं किंवा वाईट, त्यातलं बहुतेक सगळं त्या किड्याभोवतीच फिरतं. म्हणून हे लिहायला घेतलं. पुढे गोष्ट फोडलेली आहे. सिनेमा २०१२ चा आहे, तेव्हा तक्रार चालणार नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. मेरीलँडमध्ये चेसापीक खाडीच्या काठी क्लॅरिज नावाचं काल्पनिक गाव. ४ जुलै २००९, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. खेकडे खायची स्पर्धा, सौंदर्यस्पर्धा, पाण्यात डुंबणारी पोरं, सगळी जत्रा. दुपारपर्यंत लोकांच्या अंगावर फोड येतात, मग हॉस्पिटल भरतं, आणि रात्र पडेस्तोवर रस्त्यात प्रेतं. सरकारने त्या दिवसाचं सगळं चित्रण जप्त केलं होतं, ते आता बाहेर फुटलंय, आणि त्या दिवशी टीव्हीसाठी बातमी करायला गेलेली एक नवखी पत्रकार पोरगी ते जोडून आपल्याला दाखवतेय, अशी बतावणी. फोन, घरगुती कॅमेरे, पोलिसांच्या गाडीतला कॅमेरा, डॉक्टरांचे व्हिडिओ कॉल, असं सगळं गाठोडं. कारण काय, तर कोंबड्यांची विष्ठा खाडीत टाकली जातेय, त्यातून माशांच्या अंगावरचे किडे भलतेच वाढलेत, आणि गाव त्याच खाडीचं पाणी गोडं करून पितंय. महापौराला इशारा मिळालेला असतो. तो जत्रा होऊ देतो.

हे करणारा माणूस म्हणजे बॅरी लेव्हिन्सन, 'रेन मॅन'साठी ऑस्कर मिळालेला, मूळचा बाल्टिमोरचा. खरं तर खाडीच्या दुरवस्थेवर त्याने माहितीपट करावा असा विषय त्याच्याकडे आला होता. पण असा चांगला माहितीपट २००९ मध्ये पीबीएस या इथल्या सार्वजनिक टीव्ही वाहिनीवर येऊन गेला होता, आणि खाडी होती तिथंच होती. मग त्याने भयपट काढला आणि मुलाखतींमधून सांगत राहिला की यातली साधारण ८० टक्के माहिती खरी आहे. टोरांटोच्या महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळांमध्ये सिनेमा दाखवला गेला, समीक्षकांनी बऱ्यापैकी कौतुक केलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मोजक्या थिएटरांत लागला आणि तिथं त्याची सगळी मिळून कमाई झाली ३१ हजार डॉलरच्या आसपास. एवढ्या पैशांत आमच्या भागात बाथरूमसुद्धा धड नवीन होत नाही. लोकांनी तो पाहिला तो घरी, टीव्हीवर, पुढच्या वर्षांमध्ये, हळूहळू.

घरी पाहणाऱ्यांत एक मोठा वर्ग माझ्या नवऱ्यासारखा, पक्का हॉररवाला. त्याची तक्रार एका वाक्याची: भीतीच वाटत नाही. ती पोरगी सारखी मध्ये बोलते. कोण मरणार हे आधीच सांगून टाकते. सापडलेलं चित्रण आहे तर त्याला पार्श्वसंगीत कुठून आलं? आणि तो जुना प्रश्न, माणूस मरतोय आणि कॅमेरा बंद कसा करत नाही?

हा शेवटचा प्रश्न १९९९ मध्ये 'ब्लेअर विच' हा असाच 'सापडलेल्या चित्रणा'चा भयपट आला तेव्हा चालून जायचा. तेव्हा ते चित्रण खरंच सापडलंय असं मानणारेही पुष्कळ होते. आता हा प्रश्न विचारणाऱ्याने आपल्याच घरातला ग्रुप उघडून बघावा. २०१९ च्या महापुरात पंचगंगा उंबऱ्याला लागली होती आणि माझा आतेभाऊ गच्चीवर न जाता दारात उभा राहून व्हिडिओ काढत होता. मागून आत्या त्याला शिव्या घालतेय, तेही त्यात आहे. पार्श्वसंगीताचं मात्र मला पटतं. ते नको होतं.

पण कोण मरणार हे आधी सांगतात म्हणून मजा गेली, हे काही मला मान्य नाही. दोन पोलीस एका घरात शिरतात. त्यांचं पुढे काय होणार याची चुणूक आपल्याला आधीच लागलेली असते. दचकवण्याची संधी दिग्दर्शकाने हातची घालवली असं हॉररवाल्यांना वाटतं. मला ते एखाद्या चौकशी अहवालासारखं वाटलं. अहवाल लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, त्याला फक्त वेळा लिहायच्या असतात. दहा वाजून इतक्या मिनिटांनी पहिला रुग्ण, अकरा वाजता इतके. मला घाम फुटला तो हॉस्पिटलातल्या डॉक्टर अब्राम्सच्या कॉलमुळे. तो अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राला फोटो पाठवतो, लक्षणं सांगतो, आकडे सांगतो. पलीकडची माणसं सभ्य आहेत, हुशार आहेत, आणि त्यांना काहीच माहीत नाही. दर कॉलगणिक त्याच्या मागच्या कॉरिडॉरमधली गर्दी वाढलेली असते. दचकण्यासारखं त्यात काही नाही. तरी तेवढ्यात माझ्या हातातला चहा निवून गेला.

आता किड्याकडे येते, कारण तोंडात डोकावणं हा माझा धंदा आहे. सांगलीला बीडीएस करून, इकडे पुन्हा परीक्षा देऊन, मी बाल्टिमोरजवळ दातांची डॉक्टर म्हणून काम करते. त्यामुळे तो किडा बघून बाकीचे 'शी' म्हणत असताना मी रिमोट घेऊन मागे जात होते, हे कबूल करायला हरकत नाही.

खऱ्या किड्याचं काम फार नीटनेटकं आहे. तो कल्ल्यांमधून आत शिरतो. आधी नर असतो, पुढे मादी होतो. मादी पुढच्या पायांच्या आकड्यांनी माशाची जीभ पकडते आणि रक्त शोषते. रक्त तुटलं की जीभ वाळत जाते, उरतो तो बुंधा. मग मादी आपलं अंग त्या बुंध्याला अडकवून जिभेच्या जागी बसते. साधारण ३ सेंमी लांबीची. मासा मरत नाही, जेवतखात राहतो. माझ्या खुर्चीत रोज जी तोंडं उघडतात त्यातल्या काहींत याहून वाईट कारागिरी बसवलेली असते, पण ते राहू दे.

गंमत म्हणजे सिनेमावाले किडा आणायला थेट पॅसिफिकपर्यंत गेले. चेसापीकला तिचा स्वतःचा किडा आहे! मेनहेडन नावाचा तेलकट मासा असतो, तारलीच्या जातकुळीतला. त्याच्या तोंडात बसणाऱ्या किड्याचं वर्णन १८०२ मध्ये छापून आलंय, आणि ते लिहिणारा माणूस होता बेंजामिन लाट्रोब, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीचा वास्तुविशारद. व्हर्जिनियातल्या यॉर्क नदीवर मासे उघडून बघत बसला होता. राजाच्या ताटातलं आधी चाखून बघणारा नोकर असायचा, तसा त्याला हा किडा वाटला, आणि नावही त्याने तेच दिलं. आपल्याकडे बांगड्याच्या कल्ल्यातही याच कुळातला एक किडा सापडतो. बांगडा साफ करताना पांढरट, वाकडं काहीतरी बघितलं असेल कुणी कुणी. काढून टाकायचं, मासा धुवायचा, तिखट-मीठ लावायचं. माणसाला आतून पोखरण्याचं काम या खानदानातल्या कुणीही आजवर केलेलं नाही.

म्हणजे किड्याचा निकाल लागला. तो ८० टक्क्यांत येत नाही. मग ८० टक्क्यांत येतं ते काय?

माझ्या क्लिनिकमध्ये दात साफ करायचं काम करणारी सहकारी खाडीच्या पलीकडची, ईस्टर्न शोरची. त्या रात्री तीही आली होती. क्लॅरिज गाव दिसल्याबरोबर ती म्हणाली, हे मेरीलँड नाहीच. बरोबर होतं तिचं, चित्रीकरण साउथ कॅरोलायनात झालंय. खेकडे खायच्या स्पर्धेला तर ती खदखदून हसली. आमच्याकडे वाफवलेला निळा खेकडा असा बकाबका खात नाहीत. टेबलावर खाकी कागद अंथरायचा, त्यावर खेकड्यांचा ढीग ओतायचा, वर लालभडक ओल्ड बे मसाला, हातात लाकडी हातोडी, आणि मग दोन-तीन तास गप्पा. बोटभर मासासाठी एवढी मेहनत. स्पर्धा लावून तो खाणारा माणूस तिच्या मते आधीच आजारी असला पाहिजे.

कोंबड्यांच्या विष्ठेचा डोंगर पडद्यावर आला तेव्हा ती हसायची थांबली. तिच्या आजोबांनी कराराने कोंबड्या पाळल्या होत्या. हा करार कसा असतो ते तिने मला सांगितलं, आणि तो ऐकून मी सिनेमा थांबवायला लावला. पिल्लं कंपनीची. खाद्य कंपनीचं. कोंबडी मोठी झाली की न्यायला ट्रक कंपनीचा. शेतकऱ्याचं काय? शेड, शेडवरचं कर्ज, मेलेल्या कोंबड्या आणि खाली साचलेली विष्ठा.

"विष्ठा तुमची?" मी पुन्हा विचारलं.

"तेवढीच आमची," ती म्हणाली.

डेलावेअर, मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या त्या चिंचोळ्या द्वीपकल्पात वर्षाला सुमारे ६० कोटी कोंबड्या वाढतात. त्यांच्याखालचा भुसा आणि विष्ठा खत म्हणून शेतात जाते. चांगलंच खत आहे. पण पिकाला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त फॉस्फरस त्यात असतो आणि वर्षानुवर्षं तेच टाकल्यावर जमीन तुडुंब होते. पाऊस पडला की ते ओढ्यात, ओढ्यातून नदीत, नदीतून खाडीत. खाडी म्हणजे केवढी? लांबी ३०० किलोमीटरच्या वर, आणि सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर. एवढ्या उथळ पाण्यात सहा राज्यांतून आणि राजधानीतून पाणी येतं. ते पाणलोट क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठं भरेल. नायट्रोजन-फॉस्फरस पोटात गेला की शेवाळ माजतं, मरतं, तळाला बसतं, त्याला कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात, आणि उन्हाळ्यात खाडीच्या तळाशी असे पट्टे तयार होतात की तिथं मासा जगत नाही. एकट्या कोंबडीचा दोष नाही हो, शहरांचं सांडपाणी आहे, पेनसिल्व्हेनियातल्या गाईंचं शेण आहे, आमच्यासारख्यांच्या हिरव्यागार लॉनवरचं खतही आहे. पण सिनेमाने कोंबडी निवडली तर ती काही हवेतून नाही निवडली.

पुढचं तर मला त्या रात्रीनंतर वाचताना सापडलं. सिनेमात म्हणे कोंबड्यांना स्टेरॉइड देतात आणि ते विष्ठेतून पाण्यात उतरून किडे फुगतात. हे धादांत खोटं आहे, अमेरिकेत कोंबड्यांना हार्मोन द्यायला परवानगीच नाही. पण खरं काय देत होते माहीत आहे? आर्सेनिक. रॉक्सारसोन नावाचं औषध, ज्यात आर्सेनिक असतं, ते कित्येक दशकं कोंबड्यांच्या खाद्यात मिसळलं जायचं. रोग कमी होतो, वजन वाढतं, मांसाला रंग चांगला येतो, म्हणून. कोंबड्यांच्या यकृतात जास्त घातक स्वरूपातलं आर्सेनिक सापडल्यावर २०११ मध्ये बनवणाऱ्या कंपनीने विक्री थांबवली, आणि कोंबडीच्या खाद्यातून ते हद्दपार करणारा कायदा करणारं पहिलं राज्य ठरलं मेरीलँड. कधी? २०१२ मध्ये. ज्या वर्षी हा सिनेमा लागला त्याच वर्षी! पटकथा लिहिणाऱ्याला हातात आयतं आर्सेनिक मिळालेलं असताना त्याने स्टेरॉइडचा घाट घातला, याचं मला अजून नवल वाटतं. आणि बघणाऱ्यांपैकी एकानेही फोनवर 'कोंबडीला काय खायला घालतात' असं शोधलं नाही. त्यात मीही आले, मी तेव्हा किड्याचे पाय मोजत होते.

महापौराबद्दल लोकांचं मत ठरलेलं असतं: 'जॉज'मधला महापौर पुन्हा आला. तिथंही ४ जुलै, तिथंही किनारा बंद करायला नकार, फक्त शार्कच्या जागी किडे. खलनायक सोपा आहे, त्यामुळे प्रेक्षक त्याला शिव्या घालून मोकळे होतात. सहकारीने मला जे सांगितलं त्याने तो सोपेपणा जरा बिघडला.

१९९७ च्या उन्हाळ्यात तिच्या गावाकडच्या पोकोमोक नदीत मासे मरायला लागले. अंगावर उघड्या जखमा असलेले मासे. पाण्यात उतरणाऱ्या कोळ्यांना पुरळ, डोकेदुखी, काहींना साधीसुधी गोष्ट आठवेना. फिस्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवावर संशय गेला आणि त्याच्या वाढीला कोंबड्यांचं खत जबाबदार असेल असं म्हटलं गेलं. इथल्या गव्हर्नरने काय केलं? सिनेमातल्या महापौरासारखं दडपलं नाही. ऑगस्टमध्ये नदीचा भाग बंद केला. बातम्यांनी देश दणाणला, मेरीलँडच्या माशांना गिऱ्हाईक मिळेना, जिथं काहीच झालं नव्हतं तिथल्या कोळ्यांचेही धंदे बसले. पुढच्या वर्षी शेतातल्या खतावर बंधनं घालणारा कायदा आला. आणि नंतर शास्त्रज्ञांमध्ये वाद माजला की तो जीव खरंच एवढा विषारी होता का.

ती तेव्हा शाळेत होती. तिच्या घरात कुणीही गव्हर्नरला धन्यवाद दिले नाहीत. आजोबा कोंबड्यांचे, काका मासेमारीतले, जेवणाच्या टेबलावर दोघंही सरकारला शिव्या घालायचे आणि एकमेकांशी बोलायचे नाहीत. "दडपलं तरी शिव्या, बंद केलं तरी शिव्या," ती म्हणाली. महापौर तोंड उघडायचा तेव्हा ती पडद्याकडे बघत नव्हती, पॉपकॉर्नच्या वाडग्यात बघत होती. हा प्रतिसाद मी कुठल्याही परीक्षणात वाचलेला नाही.

आणि माझी आई. ती तेव्हा इचलकरंजीहून आमच्याकडे आली होती. हॉरर बघायला नाही, सगळे खाली बसलेत म्हणून खाली येऊन बसली, मांडीवर लसूण घेऊन. इंग्रजी तिला बेताचंच कळतं. मानेतून किडा बाहेर येतो त्या प्रसंगाला बाकीचे किंचाळले, तिने चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "रबराचा दिसतोय." पण कुणी पेला तोंडाला लावला की ती सावरून बसायची. जवळजवळ प्रत्येक वेळी. "नको म्हणावं तिला पिऊ." एका जोडप्याचं तान्हं बाळ असतं, ते दिसल्यापासून तिला दुसरं काही सुचेना. "त्याच्या बाटलीत कुठलं पाणी घातलंय गं? विचार की." कुणाला विचारू, आई? महापौराला ती शेवटपर्यंत नगराध्यक्षच म्हणत होती. "हा नगराध्यक्ष खोटं बोलतोय न्हवं?" हे तिला सबटायटल नसताना पहिल्याच भाषणात कळलं.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. पंचगंगेच्या पाण्यातून. हिपॅटायटिस ई. हजारोंना कावीळ झाली, माणसं दगावली. मी इकडे होते, फोनवर होते. आई सांगायची, आज अमक्याचे डोळे पिवळे, आज तमक्याचे. पाणी आता चांगलंय असं कुणी ना कुणी रोज सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत आणखी एक जण ॲडमिट व्हायचा. हा आजार गरोदर बाईच्या जिवावर बेततो, म्हणून शेजारच्या काकूंनी सुनेला मिरजेला माहेरी धाडलं होतं. लोक काविळीला चांगला म्हणून गाड्यावरचा उसाचा रस प्यायचे, आणि रसात बर्फ कुठल्या पाण्याचा हे कुणी विचारायचं नाही. आई विचारायची. त्यावरून तिचं रसवाल्याशी भांडण झालं होतं. पुढेही दर उन्हाळ्यात पंचगंगेवरच्या तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याचे फोटो येतात, दोन दिवस चर्चा होते, मग पाऊस येतो.

त्यामुळे तिला किड्याचं काही वाटलंच नाही. सिनेमा संपल्यावर वहिनींनी तिला फोनवरचा माशाच्या तोंडातला फोटो दाखवला, तर तिने विचारलं, "पण ते पाणी गोडं करायचं मशीन कुणी पास केलं?" खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. सिनेमाकडेही नाही.

आमच्या घरी दर वर्षी १ जुलैच्या आत नळाच्या पाण्याचा वार्षिक अहवाल येतो. इथं तो ग्राहकांना द्यावाच लागतो, कायदाच आहे. मी त्यातला फ्लोराइडचा आकडा बघते, कारण पेशंट विचारतात, आणि कागद रद्दीत जातो. आईने या वेळी तो रद्दीतून काढला, सगळे रकाने मला वाचायला लावले आणि नायट्रेटपाशी थांबून म्हणाली, "हे कुठून आलं?" मर्यादेच्या आत होतं. तरी कुठून आलं ते तिला हवं होतं. मग मी कोंबड्यांपासून सुरुवात केली आणि जेवण गार झालं.

नवऱ्याचा निकाल अजून बदललेला नाही. पाचपैकी दोन तारे, आणि त्यातला एक किड्याला. मी म्हटलं, यात विष्ठेच्या डोंगराला मिळून पाच मिनिटंही दिलेली नाहीत, तोच खरा घोटाळा आहे.

"कोंबडीच्या खतावर दीड तास कोण बघत बसणार?" तो म्हणाला.

"मी बसले असते."

"तू रूट कॅनालवरही बसशील," तो म्हणाला आणि रिमोट घेऊन गेला.